सोसायटीच्या हॉलमधलं गाणं आणि कॉपीराइटचा पैसा

कोजागिरी जवळ आली किंवा कुणाच्या घरी लग्न निघालं, की घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. स्पीकरवर सिनेमातली गाणी लावायला लायसन्स लागतं का? कुणी सांगतं, लागतं, नाहीतर लाखाचा दंड. कुणी म्हणतं, आजवर कुणाला काही झालेलं नाही, बिनधास्त लावा. चर्चा तिथेच थांबते आणि गाणी वाजतात ती मनात थोडी धाकधूक ठेवूनच.

उत्तर कायद्यातच आहे, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा ते बरंच उदार आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये कुठल्या गोष्टींनी हक्कभंग होत नाही याची लांबलचक यादी आहे. निवासी इमारतीतल्या रहिवाशांसाठी असलेल्या बंदिस्त खोलीत किंवा हॉलमध्ये ध्वनिमुद्रित गाणं लावलं, तर तो हक्कभंग नाही. नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबने किंवा तशा संस्थेने आपल्या उपक्रमात लावलं, तरी नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता नाटक किंवा गाणं सादर केलं, तरी नाही. धार्मिक विधीही सुटलेले आहेत, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभ यांचा उल्लेख स्वच्छ शब्दांत आहे. म्हणजे हळदीला डीजेवर काय वाजावं यावर घरात जितके वाद घालायचे तितके घाला, कॉपीराइटची भीती त्यात आणू नका.

कायद्याची भाषा किती बारीक असते ते इथे दिसतं. पहिली सवलत ‘बंदिस्त खोली किंवा हॉल’ला आहे. कोजागिरी असते गच्चीवर! तिथे ही सवलत शब्दशः लागू होत नाही आणि मग ना-नफा संस्थेच्या सवलतीवर भिस्त ठेवावी लागते. लग्नाचंही तसंच. केंद्राच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने २४ जुलै २०२३ रोजी जाहीर सूचना काढून सांगितलं की लग्नसमारंभातल्या गाण्यांसाठी रॉयल्टी मागू नये. पुढे गोवा सरकारने त्याच आशयाचं परिपत्रक काढलं, ते ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं. कलम जागच्या जागी आहे. पण सरकारी परिपत्रकाने त्याचा अर्थ ताणून हक्कदारांची वाट अडवता येणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. आणि हॉटेलने तिकीट लावून केलेली थर्टी फर्स्टची पार्टी यातल्या कुठल्याच सवलतीत बसत नाही. तिथे धंदा आहे, तिथे परवाना लागतो.

हा परवाना कुणाकडून घ्यायचा? इथून खरी गुंतागुंत सुरू होते, कारण एका गाण्याला एक मालक नसतो. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा, ध्वनिमुद्रणाचा ते काढणाऱ्या कंपनीचा, आणि १९९४ च्या दुरुस्तीपासून गायक-वादकांचाही ‘सादरकर्ता’ म्हणून वेगळा हक्क. या हक्कांची मुदतही वेगवेगळी. गीत आणि चाल यांचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा, ते बाजारात आल्यापासून ६० वर्षं; मोजणी पुढच्या जानेवारीपासून. १९६० साली निघालेली तबकडी २०२० च्या अखेरीस मुक्त झाली, पण तिच्यातलं गीत अजून बंधनात असू शकतं.

तलावपाळीशेजारच्या गडकरी रंगायतनमध्ये कुणी राम गणेश गडकऱ्यांचंच नाटक लावलं, तर संहितेसाठी कुणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. गडकरी १९१९ साली गेले. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणीही छापावीत, नेटवर टाकावीत, मोठ्याने वाचून रेकॉर्ड करावीत. अत्रे १९६९ साली गेले. त्यांच्या लेखनासाठी १ जानेवारी २०३० ची वाट पाहावी लागेल. ही ६० वर्षं आधी ५० होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांचे हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होते, तेव्हा घाईघाईने वटहुकूम काढून मुदत दहा वर्षांनी वाढवली आणि १९९२ मध्ये तसा कायदा केला. एका लेखकाखातर सगळ्या देशाची पुस्तकं आणखी दहा वर्षं कुलपात राहिली. मला हे तेव्हाही चुकीचं होतं असंच वाटतं. गेलेल्या लेखकाला जास्त मुदत दिली म्हणून तो आणखी एक ओळ लिहीत नाही.

ही झाली चौकट. करमणुकीच्या धंद्याने या चौकटीचा वापर कसा केला, हा भाग जास्त बोलका आहे.

नवं यंत्र आलं की हा धंदा आधी ‘आम्ही मेलो’ म्हणतो. १९०६ साली अमेरिकेतला गाजलेला बँडसंगीतकार जॉन फिलिप सूझा याने ग्रामोफोनविरुद्ध लेख लिहिला. घराघरांत लोक गायचे-वाजवायचे बंद होतील, ही त्याची एक भीती, आणि तबकडीवर आपली चाल वापरतात पण आपल्याला छदाम देत नाहीत, ही दुसरी. दुसरी तक्रार रास्त होती. १९०९ च्या अमेरिकी कायद्याने तोडगा काढला: यंत्र राहील, चाल कुणालाही वापरता येईल, पण दर प्रतीमागे २ सेंट संगीतकाराला द्यायचे. तबकडीवर बंदी आली नाही आणि संगीतकारही उपाशी राहिला नाही. इतका शहाणपणाचा तोडगा नंतरच्या शंभर वर्षांत फार कमी वेळा निघाला.

मग व्हीसीआर आला. हॉलिवूडच्या निर्मात्यांचे प्रतिनिधी जॅक व्हॅलेंटी यांनी १९८२ साली अमेरिकी संसदीय समितीपुढे या यंत्राची तुलना एकट्या बाईचा गळा आवळणाऱ्या खुन्याशी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी १९८४ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा मतांनी निकाल लागला की टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं हा गुन्हा नाही. एक न्यायमूर्ती फिरले असते तर व्हीसीआर बेकायदा ठरला असता. त्याच दशकात हॉलिवूडला थिएटरपेक्षा व्हिडिओ कॅसेटमधून जास्त पैसा मिळू लागला.

आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या रंगात घडली. ज्यांनी ऐंशीचं दशक ठाण्यात काढलंय त्यांना स्टेशनाजवळची कॅसेटची दुकानं आठवतील. गाण्यांची यादी नेऊन द्यायची, साठ मिनिटांची की नव्वद मिनिटांची ते सांगायचं, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घ्यायची. ते सरळसरळ बेकायदा होतं. पण गिऱ्हाईक तिथे का जायचं? तबकडीच्या जमान्यात एकाच मोठ्या कंपनीचं राज्य होतं, तिचा माल महाग होता, आणि हवी ती बारा गाणी एकत्र देणारी अधिकृत कॅसेट मिळतच नव्हती. मग गुलशन कुमार यांनी कायद्यातल्याच एका तरतुदीचा उपयोग केला. जुनं गाणं नव्या आवाजात गाऊन घ्यायचं, ठरलेली रॉयल्टी भरायची आणि स्वस्तात विकायचं. त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली. पण कॅसेट परवडू लागली, आणि तिच्या लाटेवर कोळीगीतं, भीमगीतं, गावोगावच्या शाहिरांची गाणी अशा कितीतरी गोष्टी बाजारात आल्या, ज्यांना तबकडीवर कधी जागा मिळाली नसती.

नव्वदीत केबलवाला रोज रात्री नवा पिक्चर लावायचा. कुणाच्या परवानगीने, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. नंतर फुटपाथवर पायरेटेड सीडी आल्या, छापे पडले, सीडी तरीही मिळत राहिल्या. २००६-०७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने ओरिजिनल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. किमती फुटपाथच्या बरोबरीला आल्या, तेव्हा चांगल्या छपाईची, न अडकणारी डीव्हीडी लोकांनी दुकानातून घेतली. तो धंदा पुढे बुडाला, पण लोक फुकटच मागतात हा समज त्याने खोटा पाडला होता.

याच्या उलट उदाहरण नॅपस्टरचं. १९९९ साली हा प्रोग्राम आला आणि एकाच्या संगणकातलं गाणं दुसऱ्याला थेट घेता येऊ लागलं. २००१ मध्ये कोर्टाने तो बंद पाडला. पण सुटं गाणं कायदेशीरपणे विकत मिळण्याची धड सोय एप्रिल २००३ पर्यंत, ॲपलचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान उघडेपर्यंत नव्हती. त्या वर्षी अमेरिकी कंपन्यांनी आपल्याच श्रोत्यांवर खटले भरायला सुरुवात केली. पहिल्याच झटक्यात न्यूयॉर्कमधली १२ वर्षांची एक मुलगी सापडली. तिच्या घरच्यांनी २००० डॉलर भरून प्रकरण मिटवलं. २००५ मध्ये एका बड्या कंपनीच्या सीडीमध्ये असा छुपा प्रोग्राम निघाला, की जो सीडी पैसे देऊन विकत घेणाऱ्याच्याच संगणकात गुपचूप घुसून बसत होता. चोरून ऐकणाऱ्याला त्याचा काही त्रास नाही, शिक्षा फक्त प्रामाणिक गिऱ्हाइकाला.

या सगळ्या लढाया ‘कलाकारांच्या हक्कासाठी’ म्हणून लढल्या गेल्या. म्हणून मला इथे एक प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो: वाचवलेला पैसा जातो कुणाकडे?

१९७७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निर्मात्याने सिनेमासाठी पैसे देऊन गीत किंवा संगीत करून घेतलं, की वेगळा करार नसेल तर हक्क निर्मात्याचा. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालाला स्वतःची पुरवणी जोडली आणि गाणाऱ्या गळ्याला कायद्यात काहीच नाही याकडे संसदेचं लक्ष वेधलं. त्यानंतर तब्बल ३५ वर्षं गीतकार-संगीतकार एकरकमी मानधन घेऊन घरी जात राहिले आणि त्यांची गाणी रेडिओ, टीव्ही, रिंगटोन, जाहिराती यांतून कंपन्यांना कमावून देत राहिली. पायरसीविरुद्धच्या जाहिरातींत मात्र चेहरा कलाकाराचाच. २०१२ च्या दुरुस्तीने हे बदललं. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जीव ओतला. आता सिनेमातल्या गाण्याचा थिएटरबाहेर वापर झाला, तर रॉयल्टीचा समान वाटा गीतकार आणि संगीतकार यांना मिळतो, आणि तो हक्क कंपनीला लिहून देता येत नाही. कुणी लिहून घेतला तरी तो करार त्यापुरता निरर्थक.

हाच प्रश्न मी आपल्यालाही विचारते. दिवाळी अंक बाजारात येतात न येतात तोच त्यांच्या पीडीएफ टेलिग्रामवर फिरू लागतात. सोबत ‘वाचनसंस्कृती वाढावी म्हणून’ अशी ओळ. समजा, ३०० रुपयांचं मराठी पुस्तक आहे, लेखिकेला १० टक्के मिळतात आणि हजार प्रतींची आवृत्ती आहे. सगळ्या प्रती खपल्या तर दोन-तीन वर्षांच्या कामाचे ३०,००० रुपये. अशा पुस्तकाची पीडीएफ दोन हजार जणांच्या ग्रुपवर गेली, आणि त्यातल्या फक्त शंभर जणांनी विकत घ्यायचा विचार सोडला, तरी प्रकाशक दुसरी आवृत्ती काढायला कचरतो. प्रत्येक फॉरवर्ड म्हणजे एक बुडालेली विक्री, हा मोठ्या कंपन्यांचा हिशेब मला मान्य नाही; फुकट मिळालं म्हणून उतरवून घेणारे बहुतेक जण ते उघडतही नाहीत. पण कोट्यवधींच्या सिनेमाला जे खरचटणं असतं, तो हजार प्रतींच्या पुस्तकाला जीवघेणा घाव असतो. इथे पैसा कुणाकडेच जात नाही, लेखिकेकडे तर नाहीच.

मग वाचनालयाचं काय, असं कुणी विचारेल, आणि ते बरोबरच आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे. तिथे एक प्रत शेकडो जण वाचतात आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. कारण प्रत विकली गेली की त्या प्रतीपुरता प्रकाशकाचा ताबा संपतो. ती उसनी द्या, रद्दीत घाला, लग्नात भेट द्या. कायदा अडवतो ते नवी प्रत तयार करण्याला. पुस्तक हातातून हातात गेलं तर प्रत एकच राहते, पीडीएफ पाठवली की दोन होतात.

ई-पुस्तकात मात्र तोच न्याय उलटा झाला आहे. आपण ‘विकत घ्या’ असं बटण दाबतो, पण मिळते ती फक्त वाचायची परवानगी. ती बहिणीला उसनी देता येत नाही, वाचनालयाला दान करता येत नाही. २००९ साली अमेझॉनने काही ई-पुस्तकं लोकांच्या किंडलमधून, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रातून, दुरूनच पुसून टाकली होती. विक्रेत्याकडे हक्क नव्हते हे कारण खरं, पण कागदी पुस्तक असं घरात शिरून कुणाला नेता आलं नसतं. कागदाच्या काळात प्रकाशकांकडे जी सत्ता कधीच नव्हती, ती त्यांना नव्या तंत्राने मिळवून दिली. याबद्दल आपण फारच कमी बोलतो. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक वाचनालयांना आपल्याकडच्या छापील पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा दिली आहे, एवढा तरी दिलासा. अभ्यासाची मुभा त्याहून मोठी: २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सवाल्याच्या बाजूने निकाल देताना स्पष्ट केलं, की शिकण्या-शिकवण्यासाठी नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणं झेरॉक्स करून देणं हा हक्कभंग नाही, आणि कॉपीराइट हा काही निसर्गदत्त किंवा दैवी हक्क नव्हे.

आता पहारा यंत्रावर सोपवलाय. सोसायटीच्या गणपतीतला मुलांचा नाच यूट्यूबवर टाकला की काही मिनिटांत आवाज गायब होतो किंवा ‘क्लेम’ आल्याची सूचना येते. यूट्यूबची ही यंत्रणा २००७ पासून आहे. कंपन्या आपल्या गाण्यांचे नमुने तिला देतात आणि नव्या व्हिडिओतला आवाज ती त्यांच्याशी ताडून बघते. जुळलं तर व्हिडिओ अडवायचा, नुसती नोंद ठेवायची, की त्यावरच्या जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवायचे, हे कंपनी ठरवते. बहुतेक वेळा पैसे वळवले जातात, म्हणून क्लेम आला की घाबरून व्हिडिओ काढायची गरज नसते. ‘स्ट्राइक’, म्हणजे हक्कदाराच्या तक्रारीवरून व्हिडिओच काढून टाकला जाणं, ही त्याहून गंभीर बाब; नव्वद दिवसांत तीन आल्या तर चॅनेल जाऊ शकतं. यंत्राला आवाज जुळवता येतो, कलम ५२ वाचता येत नाही. समीक्षेसाठी वापरलेले दहा सेकंद आणि चोरलेलं अख्खं गाणं त्याला सारखंच.

न्यायालयांनी निदान हा फरक करायचा प्रयत्न केला आहे. सिनेमे प्रदर्शित होण्याआधी निर्माते अज्ञात चोरांविरुद्ध सरसकट मनाई मागतात. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अख्ख्या वेबसाइट बंद करायला नकार दिला. नेमक्या लिंक दाखवा, त्या तपासल्याचं प्रतिज्ञापत्र द्या, म्हणाले. नुसतं बघणं हा गुन्हा नव्हे, वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं, भाड्याने देणं हा आहे, हेही त्यांनीच स्पष्ट केलं. याउलट थिएटरमध्ये मोबाइल वर करून सिनेमा रेकॉर्ड करणं २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनंतर फार महागात पडू शकतं: किमान तीन महिने कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड.

सध्याचं नवं यंत्र म्हणजे एआय. पुन्हा तोच क्रम. जून २०२४ मध्ये मोठ्या संगीत कंपन्यांनी एआयने गाणी बनवणाऱ्या सुनो आणि उडिओ यांना अमेरिकेत कोर्टात खेचलं. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांपैकी युनिव्हर्सलने उडिओशी आणि वॉर्नरने सुनोशी तडजोड करून करार केले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करून विकणाऱ्यांना मनाई केली, तेव्हा गायकाचा आवाज ही त्याची स्वतःची ओळख आहे हे न्यायालयाने मान्य केलं. नामवंतांना वकील मिळतो. डोंबिवली-ठाण्यातल्या छोट्या स्टुडिओत आपलं पहिलं भावगीत रेकॉर्ड करणाऱ्या मुलामुलींसाठी मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांच्यापुढे कंपनी छापील करार ठेवते आणि ते शेवटच्या पानावर सही करून मोकळे होतात.

तेव्हा सहीआधी तीन जागा बघा. मुदत लिहिलीय का? लिहिली नसेल तर कायद्याने हक्क पाचच वर्षांसाठी दिला असं धरलं जातं. प्रदेश लिहिलाय का? नसेल तर तो भारतापुरताच. आणि माध्यमांचं कलम: सही करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्यावरचा हक्क करारात त्याचा नेमका उल्लेख असल्याशिवाय कंपनीकडे जात नाही, असं कलम १८ सांगतं. म्हणून करारात एआय प्रशिक्षणाचं, म्हणजे तुमचं गाणं वापरून एआयला शिकवण्याचं, नाव कुठे बारीक अक्षरात घातलंय का ते शोधा, आणि असेल तर त्याचे वेगळे पैसे मागा.